बाजाराचे गायरान

तुपाच्या डब्यावरचा ‘श्री’ कोणाचा, या प्रश्नाचा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये लावलेला आहे. कलकत्त्याची एक कंपनी तूप विकत होती. तिच्या लेबलवर ‘श्री’ होते आणि त्या लेबलची नोंदणी झालेली होती. रजिस्ट्रारची मागणी साधी होती: लेबल खुशाल तुमचे राहू द्या, पण ‘श्री’ या शब्दावर आम्ही एकटे हक्क सांगणार नाही, एवढे लिहून द्या. कंपनी तयार होईना. ती उच्च न्यायालयात जिंकली आणि सर्वोच्च न्यायालयात हरली. दिवाळीला नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर प्रत्येक दुकानदार जो शब्द कुंकवाने लिहितो, तो तुपाच्या एका व्यापाऱ्याला कसा द्यायचा? दिला असता तर दुसऱ्या दिवसापासून त्याने इतर तूपवाल्यांना नोटिसा धाडल्या असत्या, आणि त्यातले निम्मे घाबरून डबे बदलून मोकळे झाले असते.

हे पुस्तक अशाच प्रश्नांविषयी आहे. धंद्यात वापरलेले कोणते नाव, चित्र, रंग, आकार किंवा आवाज कायद्याने ‘आपला’ म्हणून नोंदवता येतो आणि कोणता येत नाही? वाचक म्हणून डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्यांचे कायदा विभाग नाहीत. त्यांच्याकडे वकील आहेत. डोळ्यांसमोर आहेत ते मसाले कुटणारे, पापड लाटणारे, शाळेच्या बॅगा शिवणारे, जिम चालवणारे, पहिल्याच वर्षी पॅकिंगवर लाखभर रुपये घालून बसणारे लोक. असा माणूस सल्ला विचारायला येतो तेव्हा बहुधा नाव ठरवूनच आलेला असतो. पाटी रंगवून झालेली असते, पिशव्या छापून आलेल्या असतात. नाव असते ‘अस्सल’, ‘शुद्ध’, ‘गावरान’, ‘घरगुती चव’ किंवा त्याच घराण्यातले काहीतरी. ही नावे एकट्याने नोंदवून मिळत नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडतो आणि तो हमखास विचारतो, “पण नाव तर चांगलं आहे ना?”

चांगले आहे, म्हणूनच मिळत नाही. ट्रेडमार्कच्या कायद्यातले हे सगळ्यात उलटे वाटणारे सूत्र आहे आणि ते एकदा पटले की बाकीची कलमे आपोआप उलगडतात. मालाची तारीफ करणारे, माल कशाचा आहे, कुठला आहे, कशासाठी आहे हे सांगणारे शब्द सगळ्या बाजाराला लागतात. गावाच्या गायरानात कोणाचीही गुरे चरू शकतात, तसे ते शब्द आहेत. तिथे एकाने कुंपण घालायचे म्हटले तर पंचायत नाही म्हणते. ट्रेडमार्क रजिस्ट्री ही त्या अर्थाने पंचायत आहे. तिचे ‘ऑब्जेक्शन’ आले की अर्जदाराला आपला अपमान झाल्यासारखे वाटते. खरे म्हणजे त्या क्षणी ती अशा एका दुकानदाराची बाजू सांभाळत असते, ज्याने अजून दुकान थाटलेलेही नाही.

आपल्याकडे आज लागू असलेला कायदा १९९९ चा आहे आणि तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याआधी १९५८ चा आणि त्याच्याही आधी १९४० चा कायदा होता. ‘श्री’चा खटला १९४० च्या कायद्याखालचा, पण त्यातला विचार आजच्या कायद्यातही तसाच मुरलेला आहे. कलम ९ मध्ये कोणते चिन्ह मुळातच नोंदवण्याजोगे नाही ते सांगितले आहे. कलम ११ मध्ये कोणते चिन्ह दुसऱ्याच्या आधीच्या चिन्हामुळे अडते ते आहे. माझ्या मते सगळे पुस्तक या दोन कलमांभोवती फिरते. बाकीची प्रकरणे म्हणजे त्यांचे पाहुणे.

कलम ९ ची गंमत एका उदाहरणाने सांगतो. समजा, एका मिठाईवाल्याला आपल्या बर्फीसाठी ‘केशर’ हे नाव नोंदवायचे आहे. परीक्षक पहिला प्रश्न विचारणार, बर्फीत केशर आहे का? आहे म्हटले, तर तो शब्द मालातल्या जिन्नसाचे वर्णन झाला, आणि वर्णन करणारा शब्द एकाला देता येत नाही. उद्या दुसऱ्यालाही केशराची बर्फी करायची आहे. नाही म्हटले, तर ते नाव गिऱ्हाइकाची फसवणूक करते, आणि फसवणारे चिन्ह कायदा नाकारतो. म्हणजे खरे बोलला तरी अडला, खोटे बोलला तरी अडला. ‘हापूस’ हे नाव सरबताला, ‘लोकर’ हे नाव शालीला, ‘साजूक’ हे नाव तुपाला लावून पाहा, दर वेळी तोच पेच पडेल. हेच ‘केशर’ टायरवर किंवा कुलपावर लावले तर? तिथे ते काहीच वर्णन करत नाही. तिथे त्याचा अर्ज पुष्कळ सोपा. शब्द चांगला की वाईट हे शब्दकोशात पाहून ठरत नाही, तो कोणत्या मालावर बसणार आहे ते पाहून ठरते.

म्हणूनच मराठी घरांतल्या जुन्या नावांकडे पाहताना मला नेहमी कौतुक वाटते. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला आणि पुढे त्या शाईवर उंट बसवला. ‘कॅमल’चा आणि शाईचा संबंध काय? काहीच नाही, आणि हेच त्या नावाचे बळ. उंटाचे चित्र पाहून शाई कशी आहे हे कळत नाही, फक्त कोणाची आहे हे कळते. ‘विको’ हे तर विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून घडलेले; त्याला कोशात अर्थ नाही, त्यामुळे त्यावर दुसऱ्या कोणाचा दावाही नाही. नवे काही घडवायचे असेल तर मी तरुण उद्योजकांना हाच रस्ता सांगतो. पण जाहिरातवाले त्यांना उलटा सल्ला देतात: नाव असे ठेवा की ऐकताच माल कळला पाहिजे. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे आणि पैसे मात्र उद्योजकाचे जातात.

वर्णनाच्या जवळून जाणारे नाव किती महाग पडते याचा एक नमुना २०१० मधला आहे. खाद्यतेल विकणाऱ्या मॅरिकोकडे ‘लोसॉर्ब’ हे चिन्ह नोंदवलेले होते. तळताना तेल कमी शोषले जाते, हा त्यातला अर्थ. दुसऱ्या तेल कंपनीने आपल्या पुड्यावर ‘लो ॲब्सॉर्ब’ तंत्रज्ञान असे छापले तेव्हा मॅरिको दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि तिला मनाई हुकूम मिळाला नाही. तेल कमी शोषले जाते हे सांगण्याचा हक्क प्रत्येक तेलवाल्याला आहे, असे न्यायालयाला वाटले. त्याच्या आदल्याच वर्षी ‘शुगर फ्री’चा वाद त्याच न्यायालयात गाजला होता. साखरेऐवजी वापरायच्या गोळ्या त्या नावाने वर्षानुवर्षे विकणाऱ्या कंपनीने अमूलच्या फ्रोझन डेझर्टवरच्या ‘शुगर फ्री’ या शब्दांना हरकत घेतली होती. साखर नसलेल्या वस्तूला ‘शुगर फ्री’ म्हणू नका असे कोणाला सांगता येणार? न्यायालयाने ते शब्द अमूलला वापरू दिले, पण पुड्यावर ते इतके मोठे छापू नका की तेच ब्रँडचे नाव वाटावे, असेही बजावले. म्हणजे नोंदणीचे प्रमाणपत्र हातात असले तरी मालाचे साधे वर्णन करणाऱ्या दुसऱ्याला तुम्ही अडवू शकत नाही. कायद्याच्या कलम ३० मध्ये ही मुभा लिहिलेलीच आहे.

तरीही ‘वर्णन करणारे नाव कधीच मिळत नाही’ असे म्हणणे चूक ठरेल. कायद्याने त्यात एक फट ठेवली आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी इतका दीर्घ आणि एकट्याचा वापर झाला असेल की तो शब्द ऐकल्यावर लोकांच्या मनात माल येण्याऐवजी तुम्हीच येता, तर तो शब्द नोंदवता येतो. हे सिद्ध करायचे कागदांनी. जुनी बिले, कार्बनच्या प्रती, वर्षावर्षाची विक्री सीएच्या दाखल्यासह, जुन्या जाहिरातींची कात्रणे, तारीख छापलेली वेष्टने. आपल्याकडचे छोटे व्यापारी नेमके हेच रद्दीत घालतात. चाळीस वर्षे दुकान चालवलेल्या माणसाकडे पहिल्या दहा वर्षांचे एकही बिल नसते आणि मग वापराचे प्रतिज्ञापत्र करताना ‘पंचक्रोशीत विचारा’ यापलीकडे पुरावा उरत नाही. पंचक्रोशी हिअरिंगला येत नाही.

गावांच्या नावांबाबत तोच नियम, पण त्यात भावना जास्त गुंतलेल्या. सिगारेटसाठी ‘सिमला’ हे नाव, बर्फाच्छादित डोंगरांच्या चित्रासह, नोंदवायला निघालेल्या इम्पीरियल टोबॅकोला कलकत्ता उच्च न्यायालयाने १९७७ मध्ये नकार दिला. प्रसिद्ध शहर एका कंपनीच्या मालकीचे कसे करायचे? दुसरीकडे ‘पार्ले’ पाहा. नाव विलेपार्ल्यावरून आले, कारखाना तिथे होता. पण आज देशाच्या कोपऱ्यातल्या टपरीवर ‘पार्ले’ मागणाऱ्या माणसाला मुंबईच्या उपनगराची आठवण येत नाही, बिस्किटाची येते. गाव मागे पडले आणि चिन्ह पुढे आले.

जिथे गावाचे नावच मालाची खूण असते, तिथे ट्रेडमार्कचा रस्ता बंद होऊन दुसरा उघडतो. कोल्हापुरी चप्पल, पैठणी, सोलापुरी चादर, नागपूरचे संत्रे ही नावे एका माणसाची नाहीत, त्या भागात ते काम करणाऱ्या सगळ्यांची आहेत. त्यांच्यासाठी भौगोलिक निर्देशनाचा, म्हणजे लोक ज्याला ‘जीआय’ म्हणतात तो, वेगळा कायदा आहे. तोही १९९९ चाच आणि अमलात आला त्याच १५ सप्टेंबर २००३ रोजी. २०१८ मध्ये हापूसला तो मिळाला तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे त्यात आले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्यावर आपल्याकडे कुरकुर झाली. पण चामड्याचे काम करणारी घरे सीमेच्या दोन्ही बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे कोणी नाकारू शकत नाही. देवगडच्या बागायतदाराने करायचे ते असे: ‘हापूस’ या नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचे आणि आपल्या पेटीचा वेगळा ट्रेडमार्क करायचा. दोन्ही कागद जवळ असावेत. ‘हापूस’ एकट्याच्या नावावर करून घेण्याच्या खटपटीत मात्र पडू नये.

आडनावांचा प्रश्न महाराष्ट्रात जितका येतो तितका बहुधा कुठेच येत नसावा. बेडेकर, चितळे, किर्लोस्कर ही आडनावे म्हणजेच ब्रँड. १९५८ च्या कायद्यात आडनाव, गावाचे नाव, जातीचे नाव यांना नोंदणीत उघड अडथळा होता; १९९९ च्या कायद्यात तो तशा शब्दांत राहिलेला नाही. म्हणून आडनाव आता नोंदवता येते. पण त्याच कायद्यात कलम ३५ आहे. दुसरा कोणी प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरून धंदा करत असेल तर त्याला अडवता येत नाही. ‘प्रामाणिकपणे’ या शब्दावरच मग सगळी लढाई होते. किर्लोस्कर नावाने काढलेल्या काही कंपन्यांचा वाद १९९० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायालयाने मूळ किर्लोस्कर समूहाच्या बाजूने मनाई हुकूम कायम ठेवला. सख्ख्या भावांनी वाटणीत दुकान, गाळा, वजनकाटे सगळे वाटून घ्यायचे आणि पाटीवरचे आडनाव मात्र दोघांनीही ठेवायचे, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. वाटणीपत्रात दागिन्यांची तोळ्यामाशात नोंद असते, नावाची एक ओळ नसते. पुढच्या पिढीत त्या न लिहिलेल्या ओळीवरूनच वकिलांची मुले शिकतात.

जिवंत व्यक्तीचे, किंवा मरून वीस वर्षे न झालेल्या व्यक्तीचे नाव वापरून तिच्याशी संबंध सुचवायचा असेल तर रजिस्ट्रार तिची किंवा तिच्या वारसांची लेखी संमती मागू शकतो. खेळाडू आणि नट यांच्या नावाने हॉटेल काढणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

देवांकडे येऊ. देवाचे नाव चिन्हात चालतच नाही, हा समज चुकीचा आहे. लक्ष्मी, गणेश, कृष्ण यांच्या नावांची हजारो चिन्हे बाजारात आहेत. कायदा नाकारतो ते धार्मिक भावना दुखावतील असे चिन्ह. गणपतीचे चित्र उदबत्तीच्या पुड्यावर असणे आणि चपलेच्या तळव्यावर असणे यातला फरक परीक्षकाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. खरी अडचण वेगळीच आहे: देवाचे नाव मिळाले तरी ते कमजोर राहते, कारण ते शेकडो जणांकडे असते. पाटण्याच्या एका व्यापाऱ्याने उदबत्ती आणि सुगंधी मालासाठी ‘रामायण’ हे नाव मागितले होते. रजिस्ट्रीने ते दिले, अपिलात ते गेले, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते गेलेलेच ठीक असे सांगितले. पवित्र ग्रंथाचे नाव, तेही एकटे, कोणी आपल्या मालाची मक्तेदारी म्हणून घेऊ शकत नाही. शिवाय तेच नाव वापरणारे व्यापारी आधीच कितीतरी होते. मागेपुढे काही जोडून ते वेगळे उठून दिसेल असे केले असते तर गोष्ट निराळी, असेही न्यायालय म्हणाले. मला यातले दुसरे कारण पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. भक्ती बाजूला ठेवली तरी ते नाव कोणा एकाकडे बोट दाखवत नव्हते.

महाराष्ट्रातल्या अर्जदारांना ज्याची खरोखर कल्पना नसते ती गोष्ट १९५० च्या एका छोट्या कायद्यात आहे. बोधचिन्हे आणि नावे यांचा अयोग्य वापर रोखणाऱ्या या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. राष्ट्रध्वज, अशोकचक्र, राष्ट्रपती भवन, संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक आरोग्य संघटना यांच्याबरोबर त्यात महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी, देशाचे पंतप्रधान आणि छत्रपती शिवाजी महाराज यांची नावे आणि चित्रे आहेत. त्यांचा व्यापारी वापर केंद्र सरकारच्या परवानगीविना करता येत नाही, त्यामुळे ट्रेडमार्क म्हणून नोंदणीही होत नाही. सवलत आहे ती फक्त कॅलेंडरांना, आणि तीही छापणाऱ्या-काढणाऱ्याच्या नावापलीकडे मालाची जाहिरात नसेल तर. महाराजांविषयीच्या प्रेमापोटीच लोक असे अर्ज घेऊन येतात. त्यांना परिशिष्टातली ती ओळ काढून दाखवली की आधी अविश्वास दिसतो, मग बहुतेकांना थोडे समाधानही वाटते.

लोकभावना नावावर करून घेण्याची घाई ही काही फक्त लहान माणसांची नाही. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ची बातमी येऊन काही तास होतात न होतात तोच त्या नावासाठी रजिस्ट्रीकडे अर्ज दाखल झाले होते, त्यातल्या एका बड्या उद्योगसमूहाने कनिष्ठ कर्मचाऱ्याने चुकून अर्ज केला असे सांगून तो मागे घेतला. अर्ज करायला कोणालाच बंदी नाही. अर्जाची पावती म्हणजे हक्क नव्हे, हे मात्र बातम्या देणाऱ्यांनी एकदा समजून घ्यायला हवे.

आता कलम ११, म्हणजे सारखेपणा. येथे मला पार्लेच्याच एका खटल्यापाशी थोडे थांबायचे आहे, कारण मराठी घरातल्या प्रत्येकाने ज्या प्रकारचा पुडा हातात धरला आहे त्याची ही हकिगत आहे. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतघराचे अंगण होते, मध्ये पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. म्हैसूरकडच्या एका कंपनीने आपल्या ग्लुकोज बिस्किटांसाठी वेष्टन काढले. त्यावरही मुलगी होती, पण तिच्या डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा आणि शिदोरी. भोवती गाई आणि कोंबड्या. खालच्या न्यायालयांनी दोन्ही पुडे शेजारी ठेवून फरक मोजले, पुष्कळ सापडले, आणि पार्लेचा दावा फेटाळला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धतच चूक ठरवली. गिऱ्हाईक दुकानात दोन पुडे शेजारी ठेवून कोंबड्या मोजत नाही. त्याच्या मनात मागच्या वेळच्या पुड्याची एक पुसट आठवण असते: तोच रंग, तेवढाच आकार, मुलगी, गाई. त्या आठवणीवर तो हात पुढे करतो. ती आठवण जिथे फसेल, तिथे नक्कल झाली. पार्लेला मनाई हुकूम मिळाला. आपल्या लेबलमध्ये आणि शेजाऱ्याच्या लेबलमध्ये ‘बारा फरक आहेत’ असे ठणकावून सांगणारा अर्जदार आला की मी त्याला हा निकाल वाचायला देतो.

कानाने होणारा गोंधळही तसाच. ‘अमृतधारा’ हे औषध १९०३ पासूनचे. ‘लक्ष्मणधारा’वाल्याने नोंदणी मागितली तेव्हा उच्च न्यायालय म्हणाले, एक अमृताची धारा, दुसरी लक्ष्मणाची, यात गोंधळ कसला? सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितले की पोटदुखीवर औषध मागणारा माणूस शब्दाची फोड करत बसत नाही. नावे फसवण्याइतकी सारखी आहेत. तरीही ‘लक्ष्मणधारा’ उत्तर प्रदेशात १९२३ पासून उघडपणे विकले जात होते आणि ‘अमृतधारा’वाल्यांनी ते माहीत असून चालू दिले होते, म्हणून त्या राज्यापुरती नोंदणी कायम राहिली. गप्प बसण्याची किंमत यापेक्षा स्पष्ट कुठे लिहिलेली मला आढळलेली नाही. औषधांबाबत पुढे न्यायालये आणखी कडक झाली. २००१ च्या कॅडिला खटल्यात ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ ही दोन नावे समोर होती, दोन्ही एकाच प्रकारच्या मलेरियाच्या नावावरून बेतलेली. साबणाच्या वडीत चूक झाली तर फार तर हात खरखरीत होतील, गोळीत झाली तर जीव जाईल, असा तो विचार. औषधद्रव्यांची जी जागतिक नावे ठरलेली असतात, ती तर ट्रेडमार्क म्हणून मिळतच नाहीत.

आकार, आवाज, वास यांच्या प्रकरणांत वाचकाला सर्वांत मजा येईल, धंद्याला मात्र त्यांचा उपयोग कमी. वस्तूच्या स्वभावातूनच येणारा, किंवा काम होण्यासाठी आवश्यक असलेला, किंवा वस्तूला मोल देणारा आकार नोंदवता येत नाही. मोदकाच्या कळ्यांवर कोणी हक्क सांगायला जाऊ नये. आवाज चालतो: तीस सेकंदांच्या आत एमपीथ्रीमध्ये द्यायचा, सोबत सुरावट लिहून. याहूची ती लांबवलेली हाक २००८ मध्ये नोंदली गेली आणि आपल्याकडे आवाजाचे पर्व सुरू झाले. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलची इमारत २०१७ मध्ये चिन्ह म्हणून नोंदली गेली. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांच्या आराखड्यावर उभी राहू लागलेली आणि १९०३ मध्ये उघडलेली ही वास्तू म्हणजे या देशात असा हक्क मिळवणारी पहिली इमारत. आणि २०२५ च्या अखेरीस एका जपानी कंपनीचा, टायरला येणाऱ्या गुलाबाच्या वासासाठीचा अर्ज रजिस्ट्रीने जाहिरातीसाठी स्वीकारला. टायरला गुलाबाचा वास असण्याचे काहीच कारण नाही, म्हणून तर तो चिन्ह होऊ शकतो. अत्तराला तोच वास नोंदवून कोणी मागितला असता तर काय झाले असते, हे केशराच्या बर्फीवरून वाचकाने ताडावे.

नोंदणी म्हणजे सर्वस्व असेही समजू नये. तिरुनेलवेलीचे ‘इरुट्टुकडै’ हलव्याचे दुकान मंद दिव्याच्या उजेडात चालणारे म्हणून त्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या नावाचा वाद २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा न्यायालयाने पुन्हा सांगितले की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदवणाऱ्यापेक्षा वरचा. मग नोंदणी करायचीच कशाला, असे विचारणारे भेटतात. कारण आधीचा वापर शाबित करायला वर्षे आणि पैसा लागतो; प्रमाणपत्र असले की सुरुवातीचे ओझे समोरच्यावर जाते.

थोडे व्यवहाराचे. माल आणि सेवा मिळून पंचेचाळीस वर्ग आहेत, चौतीस मालाचे आणि अकरा सेवांचे. ऑनलाइन अर्जाला एकट्या व्यक्तीसाठी, स्टार्टअपसाठी आणि लघुउद्योगासाठी दर वर्गाला ४५०० रुपये, इतरांना ९००० रुपये लागतात. मसाला विकणाऱ्याने हॉटेलचा वर्गही ‘असू दे’ म्हणून घेऊ नये. पाच वर्षे वापरच झाला नाही तर दुसरा कोणी ती नोंद काढून टाकायला लावू शकतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी वाढवता येते. अर्ज केल्याबरोबर नावापुढे ‘टीएम’ लावता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच, त्याआधी लावणे कायद्याला मान्य नाही. बाजारातल्या पाट्यांकडे पाहिले तर ही गोष्ट कोणाला ठाऊक असावी असे वाटत नाही.

पुस्तकाची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. नाव अजून ठरायचे आहे त्यांनी वर्णन, गावे आणि आडनावे यांची प्रकरणे पाटी रंगवण्याआधी वाचावीत. ज्यांना ऑब्जेक्शनचे पत्र आले आहे त्यांनी थेट परीक्षण अहवालाच्या प्रकरणाकडे जावे, कारण उत्तराला महिनाभराचीच मुदत असते. आणि ज्यांचे नाव रजिस्टर होऊन भिंतीवर फ्रेममध्ये लागले आहे, त्यांच्यासाठी शेवटचे प्रकरण आहे. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघते आणि कोणालाही फुकट पाहता येते. तुमच्यासारखे नाव त्यात दुसऱ्या कोणी मागितलेले दिसले, तर विरोध नोंदवायला त्या तारखेपासून चार महिने मिळतात. पाचव्या महिन्यात आलेल्या माणसाला काय काय करावे लागते आणि त्याला किती खर्च येतो, हे तिथे तपशिलाने दिले आहे.